टपालघराच्या भिंतीतले भोक



११ आणि १३ मे १९९८ या दोन दिवशी राजस्थानातील पोखरण येथे भारताने पाच अणुचाचण्या केल्या, हे तुम्ही वाचलेच असेल. त्यानंतर तीन आठवड्यांनी मुंबईत जे घडले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे संकेतस्थळ उघडणाऱ्यांना केंद्राच्या माहितीऐवजी अणुस्फोटाच्या छत्रीसारख्या ढगाचे चित्र दिसले आणि त्याखाली अण्वस्त्रांविरुद्धचा मजकूर. केंद्राच्या संगणकांत कोणी तरी शिरले होते!

हे कोणी परक्या देशाचे कसलेले हेर नव्हते. ‘मिलवर्म’ असे नाव घेतलेली ती एक टोळी होती. तीन खंडांत विखुरलेली, एकमेकांना प्रत्यक्ष कधीही न भेटलेली आणि केवळ इंटरनेटवर ओळख झालेली ही मुले होती. त्या वेळच्या वृत्तांनुसार त्यांची वये होती पंधरा ते अठरा, म्हणजे जवळजवळ तुमच्याएवढी.

अणुसंशोधन केंद्राभोवती कुंपण असते, दारावर सशस्त्र पहारा असतो, ओळखपत्राशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. मग ही मुले शिरली कोठून? केंद्राच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले, की संगणकावरील टपाल हाताळणाऱ्या ‘सेंडमेल’ नावाच्या आज्ञावलीत एक अगदी सर्वसाधारण पळवाट होती, तिचा उपयोग केला गेला. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की सेंडमेलची सुधारलेली आवृत्ती उपलब्ध असूनही ती उतरवून घेण्यात आली नव्हती!

टपालाच्या आज्ञावलीत भोक पडते म्हणजे काय होते? ते कोणाला कसे सापडते? आणि बुजवण्याचे साहित्य हाताशी असूनही ते उघडे का राहते? चला, हे प्रश्न क्रमाने सोडवू या.

हिंगण्याहून ट्रॉम्बेला

समजा, नागपूरजवळच्या हिंगणा गावातल्या एका शाळेने सहलीची परवानगी मागण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राला पत्र लिहायचे ठरवले. पत्र कागदी असेल, तर पाकिटावर पिन कोड लिहायचा ४०००८५. पिन कोडची ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशात सुरू झाली. हिंगण्याचा स्वतःचा पिन कोड आहे ४४१११०. पहिले दोन आकडे पाहताच वर्गीकरण करणाऱ्याला कळते, की हे पत्र विदर्भाकडचे. शेवटचे तीन आकडे नेमके टपालघर सांगतात. भाषा न कळली, अक्षर किरटे असले, तरी पत्र चुकत नाही.

ई-मेलचा प्रवासही बराचसा असाच होतो. शाळेचा संगणक पत्र थेट ट्रॉम्बेला पोहोचवत नाही. तो ते शाळेच्या ‘टपालघरा’त टाकतो. हे टपालघर म्हणजे रात्रंदिवस चालू असणारा एक संगणक आणि त्यावरील टपालाची आज्ञावली. त्याला मेल सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर ई-मेलच्या पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हाच्या पुढचा भाग वाचतो. तेथे संस्थेचे नाव असते. इंटरनेटवर नावे आणि त्यांचे सांकेतिक क्रमांक यांची एक प्रचंड वही ठेवलेली आहे. त्या वहीत तो पाहतो, की या संस्थेचे टपाल कोणता सर्व्हर स्वीकारतो. मग त्या सर्व्हरशी जोडणी करून दोघांचे संभाषण सुरू होते. ते साधारण असे असते :

‘नमस्कार, मी हिंगण्याच्या शाळेचा सर्व्हर.’
‘बोला.’
‘अमक्याकडून पत्र आणले आहे.’
‘ठीक.’
‘ते तमक्याला द्यायचे आहे.’
‘ठीक. हा माणूस आमच्याकडे आहे.’
‘मग घ्या मजकूर.’

मजकूर संपला, की एका ओळीत केवळ एक टिंब पाठवायचे. म्हणजे पत्र संपले. या संभाषणाचे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी लिहून प्रसिद्ध केले. टपालाचे नियम करणाऱ्याचे आडनाव पोस्टेल असावे, ही एक गंमतच! त्या नियमांची सुधारलेली रूपे आजही जगभर वापरली जातात.

टपालघरात जशा वेगवेगळ्या खिडक्या असतात, तशाच संगणकालाही क्रमांक दिलेल्या ‘खिडक्या’ असतात. संगणकाच्या भाषेत त्यांना पोर्ट म्हणतात. ई-मेल स्वीकारण्याची खिडकी २५ क्रमांकाची. आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. तिजोरीच्या खोलीला कुलूप लावता येते. पण टपालघराची खिडकी बंद ठेवून कसे चालेल? पत्र जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून, कधीही, अनोळखी माणसाकडूनही येणार. म्हणून मेल सर्व्हरला ‘तू कोण?’ हे फारसे न विचारताच प्रत्येकाचे बोलणे ऐकून घ्यावे लागते. चोराचेही!

पोस्टमनच्या हाती किल्ल्यांचा जुडगा

सेंडमेल ही आज्ञावली लिहिली एरिक ऑलमन यांनी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत शिकत असताना त्यांनी आधी ‘डिलिव्हरमेल’ नावाची आज्ञावली तयार केली. ती १९७९ मध्ये बर्कलेच्या युनिक्स या संगणक प्रणालीबरोबर वाटली गेली. तिच्यातूनच पुढे १९८३ मध्ये सेंडमेल आली. त्या काळी संगणकांची एकच एक जोडणी नव्हती. अनेक निरनिराळी जाळी होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची रीत वेगळी होती. सेंडमेलला हे सगळे पत्ते समजत, आणि एका रीतीचा पत्ता दुसऱ्या रीतीत बदलून देणेही जमे. म्हणून ती अत्यंत लोकप्रिय झाली. पण त्यामुळेच ती अवाढव्य आणि गुंतागुंतीचीही झाली.

आता दुसरी अडचण पाहा. युनिक्स प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याला ठरावीक अधिकार असतात. तुमची फाईल मी पुसू शकत नाही, माझी तुम्ही वाचू शकत नाही. पण एक वापरकर्ता सर्वाधिकारी असतो. त्याला ‘रूट’ म्हणतात. रूट म्हणजे साऱ्या वाड्याचा मालक. कोणतेही दार उघडावे, काहीही वाचावे, काहीही पुसावे. युनिक्सचा संकेत असा, की १०२४ च्या खालच्या क्रमांकाची खिडकी उघडण्याचा अधिकार फक्त रूटला. शिवाय आलेले पत्र प्रत्येकाच्या खासगी पेटीत टाकायचे, तर सगळ्या पेट्या उघडता आल्या पाहिजेत. म्हणून सेंडमेलला रूटचे अधिकार दिलेले असत.

चित्र डोळ्यांपुढे आणा. खिडकीशी बसलेला एक पोस्टमन आहे. तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाशी बोलतो. तो फार गुंतागुंतीची कामे करतो, म्हणून त्याच्या हातून चूक होण्याचा संभव अधिक. आणि त्याच्या कमरेला साऱ्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा लटकतो आहे! अशा पोस्टमनला कोणी फसवले, तर फसवणाऱ्याच्या हाती केवळ टपाल नव्हे, तर सारा वाडा येतो. मेल सर्व्हरमधील त्रुटी इतकी गंभीर का मानतात, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

पत्त्याच्या जागी हुकूम

पोस्टमनला फसवायचे कसे? याचे पहिले गाजलेले उदाहरण २ नोव्हेंबर १९८८ चे आहे. कॉर्नेल विद्यापीठात उच्च शिक्षण घेणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एक आज्ञावली इंटरनेटवर सोडली. ती एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जाई आणि तेथे स्वतःची नवी प्रत तयार करी. अशा आज्ञावलीला ‘वर्म’ म्हणजे किडा म्हणतात. या किड्याने आत शिरण्याच्या अनेक वाटा शोधल्या होत्या. त्यांतली एक वाट सेंडमेलची होती.

आज्ञावली लिहिणाऱ्याला ती तपासून पाहावी लागते. त्यासाठी सेंडमेलमध्ये ‘डीबग’ नावाची एक सोय होती. ती चालू केली, की ‘पत्र कोणाला द्यायचे?’ या प्रश्नाला माणसाच्या पत्त्याऐवजी एखादी आज्ञा उत्तर म्हणून देता येई. मग पत्राचा मजकूर त्या आज्ञेच्या स्वाधीन होई. तपासणी करणाऱ्याला हे सोयीचे होते. पण तपासणी संपल्यावर ही सोय बंद करायला हवी होती. अनेक ठिकाणी ती चालूच राहिली. किडा खिडकीशी येई, ‘डीबग’ म्हणे आणि पत्त्याच्या जागी हुकूम सांगे. पोस्टमन निमूटपणे तो हुकूम पाळी!

मॉरिसचा उद्देश संगणक बंद पाडण्याचा नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. पण एका संगणकावर किड्याची प्रत आधीच असली, तरी सातांतून एकदा नवी प्रत घालायचीच, असे त्याने ठरवून ठेवले होते. त्यामुळे एकेका संगणकावर किड्यांची झुंबड उडाली आणि संगणक ठप्प झाले. त्या वेळी इंटरनेटवर सुमारे ६०,००० संगणक होते. त्यांपैकी सुमारे ६,००० ना बाधा झाली, असा अंदाज केला जातो. गंमत पाहा : उपाय सापडला, तरी तो सर्वांना कळवायचा ई-मेलनेच, आणि घाबरून अनेकांनी नेमकी टपालाचीच यंत्रे बंद करून ठेवलेली! या अनुभवानंतर त्याच महिन्यात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे संगणकांचे संकट-निवारण केंद्र उभारले गेले. मॉरिसवर खटला चालला. १९९० मध्ये त्याला तीन वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

चौकटीबाहेर सांडलेली अक्षरे

फसवण्याची दुसरी रीत अधिक चलाखीची आहे. ती समजण्यासाठी रजेच्या अर्जाचा एक छापील नमुना कल्पनेत आणा. नावासाठी वीस चौकोन आहेत. त्यांच्याच पुढे मुख्याध्यापकांच्या शेऱ्यासाठी दहा चौकोन आहेत. कारकून अर्ज घेतो, शेऱ्याचे चौकोन वाचतो आणि तेथे जे लिहिले असेल त्याप्रमाणे वागतो. तो कधीच विचारत नाही, की हा शेरा लिहिला कोणी. आता एका खोडकर मुलाने नाव इतके लांबवले, की वीस चौकोन भरून अक्षरे पुढच्या चौकोनांत सांडली आणि त्या सांडलेल्या भागात त्याने नेमके लिहिले ‘रजा मंजूर’! कारकुनाने नावाची लांबी मोजली असती, तर हे घडले नसते. त्याने ती मोजली नाही.

संगणकाच्या स्मृतीतही अशाच चौकटी असतात. आलेला मजकूर ठेवण्यासाठी आज्ञावली ठरावीक जागा राखते. तिच्या शेजारीच, पुढे कोणते काम करायचे याची नोंद असते. मजकूर जागेत मावतो का, हे न मोजताच तो आत ओतला, तर जादा अक्षरे शेजारच्या नोंदीवर सांडतात. हल्ला करणारा ही सांडलेली अक्षरे अशी बेतून पाठवतो, की संगणक त्याचाच हुकूम पाळू लागतो. याला ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणतात. मॉरिसच्या किड्याने एका दुसऱ्या आज्ञावलीत हीच युक्ती वापरली होती. तेथे राखीव जागा ५१२ अक्षरांची होती. किड्याने पाठवली ५३६! सेंडमेलच्या ८.८.३ आणि ८.८.४ या आवृत्त्यांतही अशीच चूक आढळली. सर्टने २८ जानेवारी १९९७ रोजी तिची जाहीर सूचना दिली आणि ८.८.५ या आवृत्तीत ती सुधारलेली होती.

दोन्ही युक्त्यांचे मर्म एकच आहे. बाहेरून येते ती माहिती असते. संगणक चालतो तो आज्ञांवर. माहिती आणि आज्ञा यांच्यामध्ये भक्कम भिंत हवी. ती जेथे पातळ होते, तेथे पत्राचा हुकूम बनतो.

ठिगळ तयार होते

आता पुन्हा ट्रॉम्बेला जाऊ या. आज्ञावलीतील भोक सापडले, की ती लिहिणारे दुरुस्ती तयार करतात. इंग्रजीत तिला पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळच. फाटलेल्या सदऱ्याला आपली आजी लावते तसे! १९९८ मध्ये सेंडमेलचे ठिगळ तयार होते, फुकट होते आणि इंटरनेटवर ठेवलेले होते.

ते उतरवून घ्यायला किती वेळ लागला असता? आपणच हिशेब करू. फाईल एक मेगाबाइटची धरा. एक मेगाबाइट म्हणजे १०,४८,५७६ बाइट. प्रत्येक बाइटचे आठ बिट, म्हणजे ८३,८८,६०८ बिट. त्या काळच्या मंद मोडेमचा वेग सेकंदाला ९,६०० बिट धरला, तर लागतात सुमारे ८७४ सेकंद. म्हणजे पंधरा मिनिटेसुद्धा नाहीत!

हल्लेखोरांचा दावा असा होता, की त्यांनी सहा सर्व्हरचा ताबा घेतला, शास्त्रज्ञांची पत्रे आणि कागदपत्रे मिळून सुमारे पाच मेगाबाइट मजकूर नेला आणि दोन सर्व्हरवरील माहिती पुसून टाकली. पाच मेगाबाइट हा आकडा आज क्षुल्लक वाटतो. पण एका टंकलिखित पानावर २,००० इंग्रजी अक्षरे धरली, तर ती होतात सुमारे २,५०० पाने! केंद्राच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. गेलेल्या पत्रांत गोपनीय असे काही नव्हते, माहिती नष्ट झालेली नव्हती आणि महत्त्वाची माहिती ज्या संगणकांवर होती, ते या जोडणीपासून अलग ठेवलेले होते, असे त्यांनी सांगितले. काही वृत्तांत सेंडमेलबरोबरच सहज ओळखता येण्याजोग्या परवलीच्या शब्दांचाही, म्हणजे पासवर्डचाही, उल्लेख आला होता.

यात आपल्याला शिकण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला धडा अलगपणाचा. पत्रे घेणारा संगणक आणि गुपिते सांभाळणारा संगणक हे दोन निराळे असावेत, त्यांच्यामध्ये तारच नसावी. वाड्याची ओसरी पाहुण्यांसाठी असते. दागिन्यांची पेटी कोणी ओसरीवर ठेवत नाही.

दुसरा धडा जास्त विचार करायला लावणारा आहे. ही मुले थेट ट्रॉम्बेच्या संगणकापर्यंत आली नव्हती. ती आधी अमेरिकेच्या लष्करी जाळ्यातील एका संगणकात शिरली आणि तेथून पुढे आली. शेजाऱ्याच्या गच्चीवरून उडी मारणाऱ्या चोरासारखी! त्यामुळे पाहणाऱ्याला वाटणार, की हल्ला त्या शेजाऱ्याकडूनच झाला. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत शेकडो लहानमोठे कारखाने आहेत आणि हिंगणा मार्गावर महाविद्यालयेही आहेत. एखाद्या लहान कारखान्याचा मालक म्हणेल, ‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय? नट-बोल्टच्या मागण्या आणि बिले!’ पण चोराला त्याची बिले नकोच असतील. त्याला हवी असेल ती फक्त गच्ची. दुसऱ्या कोणाच्या तरी घरात उतरण्यासाठी.

शर्यत

मग तयार ठिगळ लावायचे का राहते? कारणे साधीच असतात. टपालघर क्षणभरही बंद ठेवायला कोणी राजी नसते. ‘आज सुरळीत चालले आहे ना? मग कशाला हात लावायचा?’ असे प्रत्येकाला वाटते. नवी आवृत्ती घातल्यावर जुने काही बिघडले तर, ही भीती असते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे हे काम नेमके कोणाचे, हे अनेकदा ठरलेलेच नसते. छपराचे कौल हलले आहे, हे साऱ्या घराला ठाऊक असते. पण पाऊस येईपर्यंत वर कोणी चढत नाही.

येथे पाऊस मात्र वाट पाहत नाही. ठिगळ जाहीर झाले, की ते सज्जनांबरोबर चोरांनाही दिसते. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून फरक शोधला, की भोक कोठे होते ते कळते. म्हणजे दुरुस्तीची घोषणा होताच दोन गटांत शर्यत सुरू होते. एक गट ठिगळे लावत सुटतो, दुसरा ठिगळ न लावलेली घरे शोधत फिरतो. ‘तर मग घोषणाच करू नये’, असे तुम्ही म्हणाल. पण घोषणाच नसेल, तर ठिगळ लावायची घाई करायला हवी हे तरी लोकांना कसे कळणार?

याचे एक विलक्षण उदाहरण २०१९ मधले आहे. ‘एक्झिम’ नावाची मेल सर्व्हरची आज्ञावली जगात फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्या ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत एक भोक होते. पत्त्यामध्ये विशिष्ट खुणांच्या आत आज्ञा लिहिली, की सर्व्हर ती पाळत असे. मॉरिसच्या किड्यानंतर एकतीस वर्षांनी पुन्हा पत्त्याच्या जागी हुकूम! फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ४.९२ या आवृत्तीत हे भोक बुजले होते. पण ते सुरक्षेचे भोक होते हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्यामुळे नवी आवृत्ती घेण्याची निकड कोणाला भासली नाही. क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी जूनमध्ये ही गोष्ट उघडकीस आणली आणि त्यानंतर काही दिवसांतच हल्ले सुरू झाले. पुढे मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज’ या मेल सर्व्हरमधील चार त्रुटींवरचे ठिगळ प्रसिद्ध झाले. तेव्हाही तेच घडले. ज्यांनी उशीर केला, अशा जगभरातील हजारो सर्व्हरमध्ये हल्लेखोर शिरले.

किल्ल्यांचा जुडगा फोडला

पण शास्त्रज्ञ केवळ ठिगळे लावत बसले नाहीत. त्यांनी पोस्टमनच्या कमरेचा जुडगाच काढून घ्यायचे ठरवले. डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञांनी ‘क्यूमेल’ नावाची आज्ञावली लिहिली आणि तिच्यात सुरक्षेची त्रुटी दाखवणाऱ्याला १९९७ मध्ये ५०० डॉलरचे बक्षीस लावले. डिसेंबर १९९८ मध्ये, म्हणजे ट्रॉम्बेच्या घटनेनंतर सहा महिन्यांनी, वीत्से वेनेमा यांनी तयार केलेली ‘पोस्टफिक्स’ ही आज्ञावली आली. या दोन्हींत एकच युक्ती आहे. एका पोस्टमनऐवजी अनेक नोकर ठेवायचे. एकाने फक्त खिडकीशी बोलायचे, दुसऱ्याने पत्ते वाचायचे, तिसऱ्याने फक्त पेटीत टाकायचे. प्रत्येकाजवळ त्याच्या कामापुरतीच किल्ली. खिडकीवरच्या नोकराला कोणी फसवले, तरी चोराच्या हाती लागेल ती फक्त खिडकीची खोली. ‘कामापुरताच अधिकार’ हे तत्त्व आज संगणक-सुरक्षेचा पाया मानले जाते. सेंडमेलच्या पुढच्या आवृत्त्यांनीही ते बऱ्याच प्रमाणात स्वीकारले.

तुम्ही काय कराल?

मिलवर्मच्या मुलांना अण्वस्त्रांचा राग होता. तो राग खरा असेलही. पण दार उघडे दिसले म्हणून परक्या घरात शिरणे, तेथील पत्रे वाचणे, सामान मोडणे यांना चांगला हेतू झाकू शकत नाही. १९९८ मध्ये भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि आता अशा कृत्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ज्याला भोके शोधण्याची बुद्धी आहे, त्याला राजमार्गही खुला आहे. भोक सापडले, तर आत न शिरता ते मालकाला कळवायचे. भारतात जानेवारी २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था काम करते. अशा त्रुटींची माहिती ती स्वीकारते आणि सर्वांना सावध करणाऱ्या सूचनाही काढते. कित्येक कंपन्या तर भोक दाखवणाऱ्याला बक्षीस देतात.

आणि ज्याला भोके शोधायची नाहीत, त्याचेही एक काम आहेच. तुमच्या शाळेच्या संगणकावर, घरच्या फोनवर ‘अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना येते. आपण ‘नंतर’ हे बटण दाबतो. ते बटण दाबताना पंधरा मिनिटांचा तो हिशेब आठवा. शाळेत एक वही करा. कोणत्या संगणकावर कोणत्या दिवशी अपडेट केले आणि ते कोणी केले, याची नोंद ठेवा. ‘काम कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहिलेले असले, म्हणजे निम्मे काम झाले.

करून पाहा

कागदी पत्रावर वाटेतल्या टपालघरांचे शिक्के असतात. ई-मेलवरही असतात! आलेली एखादी ई-मेल संगणकावर उघडा आणि पर्यायांच्या यादीतून ‘शो ओरिजिनल’ किंवा ‘व्ह्यू सोर्स’ असा पर्याय निवडा. पत्राच्या आधीचा, एरवी लपलेला मजकूर दिसेल. त्यात ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या नोंदी शोधा. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का सर्वांत वर उमटवतो. म्हणून प्रवास समजून घ्यायचा, तर त्या खालून वर वाचाव्या लागतात. तुमच्या पत्राला किती टपालघरे लागली? पहिल्या शिक्क्यापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत किती सेकंद गेले? वेळेपुढे ‘+०५३०’ असे दिसले, तर ती भारतीय वेळ. दुसरा आकडा दिसला, तर वजाबाकी करताना तो फरक धरायला विसरू नका. मात्र ध्यानात ठेवा, की लबाड माणूस सर्वांत खालचे शिक्के खोटे मारून पाठवू शकतो. वरचा, आपल्या स्वतःच्या टपालघराचा शिक्काच पूर्ण भरवशाचा.

पाच मित्रांनी पाच निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली पत्रे अशी तपासून एक तक्ता करा. कोणत्या पत्राला सर्वांत जास्त टपालघरे लागली आणि का लागली असतील, याची चर्चा वर्गात करा.